जहाजावर डॉक्टर होऊन चढा

एका वाचक ताईंचं पत्र:

"सादर नमस्कार. माझं वय सत्तावन्न. सहा महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक टाइप वाचायला मनाई केली, म्हणून मुलीनं फोनमध्ये ऑडिओबुकचं अ‍ॅप टाकून दिलं. नेपोलियनच्या काळातल्या ब्रिटिश आरमारावरच्या कादंबऱ्यांबद्दल बरंच ऐकून होते, म्हणून पॅट्रिक ओब्रायन यांची मालिका पहिल्यापासून लावली. वाचणाऱ्याचा आवाज तासन् तास ऐकावा असा आहे. पण दर दोन मिनिटांनी कसली तरी दोरी आणि कसलं तरी शीड येतं. मी थांबवते, मागे जाते, शब्द लिहून घ्यायला बघते. स्पेलिंग कळत नाही, शब्दकोशात सापडत नाही. तीन आठवड्यांत जेमतेम चार तास ऐकून झालेत. रात्री लावलं तर लढाईच्या आत झोप लागते. त्यात आमचे हे म्हणतात, 'कादंबरी म्हणजे आधीच खोटं, ती कानांनी वाचायची म्हणजे दुप्पट खोटं.' ते स्वतः फक्त इतिहास वाचतात. सोडून देऊ का? की आधी जहाजाची सगळी माहिती शिकून घेऊ आणि मग ऐकू? — दोरखंडांत अडकलेली"

ताई, नमस्कार.

सोडू नका. आणि आधी शिकून मग ऐकायचं, हा बेत तर आजच रद्द करा.

चार तासांवर अडकलात म्हणजे नेमक्या कुठे अडकलात, याचा मला अंदाज आहे. ती कादंबरी समुद्रावर सुरूच होत नाही. १८०० सालचा एप्रिल, मिनोर्का बेटावरचं पोर्ट माहोन, संगीताची मैफल आणि शेजारी-शेजारी बसलेले दोन अनोळखी पुरुष. एक ताल धरतो, दुसऱ्याला ते खपत नाही, आणि प्रकरण पार द्वंद्वाच्या उंबरठ्यावर जातं. इथवर तुम्हाला काही अडचण आली नसणार. मग ताल धरणाऱ्याला जहाज मिळतं, दुसरा निघतो डॉक्टर, तो त्या जहाजावर येतो, आणि एक कोवळा पोरगा त्याला डोलकाठीवर चढवून शिडांची न् दोरांची नावं सांगायला लागतो. नावांमागून नावं. तिथे तुम्ही फोन थांबवलात आणि कागद शोधलात.

आता तोच भाग पुन्हा लावा, फक्त या वेळी कान दोरांकडे न देता डॉक्टरकडे द्या. हा काही साधासुधा माणूस नाही. अनेक भाषा बोलतो, माणसाचं शरीर आतून-बाहेरून जाणतो, आकाशातला ठिपका पाहून पक्षी ओळखतो. आणि असा माणूस वर टांगलेल्या अवस्थेत त्या पोराचं सगळं सभ्यपणे ऐकून घेतोय. डोक्यात फारसं काही शिरत नाही. पुढे वर्षानुवर्षं जहाजावर काढूनही शिरत नाही. होडीतून जहाजावर चढताना तो पाण्यात पडतो, खलाशांचे शब्द भलत्या जागी वापरतो, आणि तरी खलाशी त्याच्यावर जीव टाकतात. ओब्रायन यांनी वीस पूर्ण कादंबऱ्यांत हा माणूस समुद्राच्या बाबतीत अडाणीच ठेवला, तो काय विसरून? जमिनीवरच्या माणसाची जहाजावरची जागा त्यांनी राखून ठेवलीय. तुम्ही कप्तानाच्या जागी उभं राहायला बघताय म्हणून धाप लागतेय. डॉक्टर होऊन चढा.

हे मी शहाणपणातून सांगत नाही. मी स्वतः कप्तान व्हायला गेलो होतो. जुन्या लढाऊ जहाजाची एक आकृती कुठूनशी मिळवून मोठ्या कागदावर छापून घेतली. प्रत्येक दोराला आकडा, आकड्यापुढे नाव. ती इस्त्रीच्या टेबलासमोर भिंतीला चिकटवली, कारण मी ऐकतो ते इस्त्री करताना. कुठलाही दोर कानावर आला की बोट फिरवून तो शोधायचा. दोन कादंबऱ्या संपल्या तेव्हा मला दोर बऱ्यापैकी पाठ झाले होते, तीन शर्टांवर इस्त्रीचे डाग पडले होते, आणि पहिल्या कादंबरीत कप्तान आणि त्याच्या हाताखालचा अधिकारी यांच्यात नेमकं काय बिनसलंय याचा मला पत्ता नव्हता. आणि कादंबरी तर त्यावरच उभी होती.

तेव्हा दोर सोडा. वारा मात्र सोडू नका.

आडव्या काठ्यांवर चौकोनी शिडं बांधलेलं त्या काळचं लढाऊ जहाज वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नसे. वारा जिथून येतो त्या दिशेपासून साधारण सहा 'पॉइंट' बाजूलाच राहावं लागे. होकायंत्राचे पॉइंट बत्तीस, एक पॉइंट सव्वाअकरा अंशांचा, म्हणजे सहा पॉइंट झाले साडेसदुसष्ट अंश. आकडे विसरलात तरी हरकत नाही, त्यापेक्षा हे करून बघा. टेबलाच्या एका टोकाला टेबलफॅन ठेवा. टेबलावर दोन काडेपेट्या ठेवा, एक पंख्याजवळ, एक लांब. ही तुमची दोन जहाजं. पंख्याजवळच्या काडेपेटीला मनात आलं की वाऱ्याबरोबर खाली घसरत येऊन दुसरीला गाठता येतं. मनात नसेल तर वरच थांबता येतं. लांबच्या काडेपेटीला पंख्याकडे सरळ येताच येत नाही. थोडं डावीकडे, मग वळून थोडं उजवीकडे, असं नागमोडी चढत यावं लागतं, आणि त्यात अख्खी दुपार जाते. लढाई करायची की नाही हे बहुतेक वेळा वरची काडेपेटी ठरवते. निवेदकाच्या तोंडी 'वेदर गेज' आलं की समजायचं, वरच्या जागेसाठी धडपड चाललीय. आणि 'ली शोअर' आलं की इस्त्री बाजूला ठेवायची: म्हणजे वारा जहाजाला किनाऱ्याकडे ढकलतोय, त्या बाजूला खडक आहेत आणि वर चढायला जागा उरत नाहीये. शत्रूच्या तोफांपेक्षा त्या लोकांना याची धास्ती जास्त.

म्हणून पाठलाग सुरू झाला की स्वतःला एवढंच विचारा, पंखा कुठे आहे? याचं उत्तर मिळालं की मधली पन्नास नावं कानावरून खुशाल वाहून जाऊ द्या. सुकाणूच्या हुकमांवरून जहाज कुठे वळलं हे तर मनात रेखाटायलाच जाऊ नका. त्या काळी हुकूम सुकाणूच्या दांड्याला उद्देशून असे, आणि दांडा उजवीकडे ढकलला की जहाज डावीकडे वळे. निवेदक 'स्टारबोर्ड' असं गरजला आणि जहाज उलट्या बाजूला गेलं, तर चूक त्याचीही नाही आणि तुमचीही नाही.

आता शब्दकोशाचं. शब्द सापडत नाहीत यात तुमच्या कानांचा काही दोष नाही. खलाशांनी पिढ्यान् पिढ्या हे शब्द वाऱ्यात ओरडून ओरडून झिजवलेत. अक्षरं लावून वाचलं तर 'बोटस्वेन', म्हणायचं 'बोसन'. लिहिलेलं 'फोरकॅसल', म्हणायचं 'फोक्सल'. 'गनवेल'चं 'गनल' होतं, 'लीवर्ड'चं 'लूअर्ड', आणि 'स्टडिंग सेल'चं तर 'स्टन्सल', म्हणजे अर्धा शब्द समुद्रात पडलेला. डोळ्यांनी वाचणारे लोक हे शब्द मनातल्या मनात आयुष्यभर चुकीचे म्हणत राहतात. मीही पहिली कादंबरी आधी छापीलच वाचायला घेतली होती, आणि 'फोरकॅसल' म्हणजे पुढे कुठेतरी किल्ला लागणार या आशेवर पन्नासेक पानं काढली होती. तुम्हाला उच्चार आधी मिळतोय, तो जपून ठेवा. लिहायचंच असेल तर देवनागरीत लिहा, जसं ऐकलं तसं. या कामात आपली लिपी इंग्रजीच्या कितीतरी पुढे आहे. वहीत 'बोसन' लिहा, पुढे 'दोर आणि शिडांचा मुकादम' असं लिहा, झालं. तेवढ्यानं सगळ्या कादंबऱ्या निभतात.

शिडांपुरती एक युक्ती सांगतो, कारण ती दोन मिनिटांत येते. शिडाचं नाव म्हणजे पत्ता असतो. पहिला शब्द डोलकाठी सांगतो: 'फोर' म्हणजे पुढची, 'मेन' म्हणजे मधली, 'मिझन' म्हणजे मागची. दुसरा शब्द मजला सांगतो: 'कोर्स' तळमजला, त्यावर 'टॉपसल', त्यावर 'टगॅलन' (लिहितात 'टॉपगॅलंट'), आणि अगदी गच्चीवर 'रॉयल'. म्हणजे 'मेन टॉपसल' हे मधल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचं शीड. आणि पत्ता लागला नाही तरी एवढं बघा: वरचे मजले आवरायला लागले तर वारा वाढतोय, आणि 'स्टन्सल', म्हणजे बाजूंना लावायची जादा शिडं, चढवायला लागले तर कुणाला तरी भयंकर घाई आहे.

डाव्या-उजव्यात गोंधळ होत असेल तर अख्खं ब्रिटिश आरमार तुमच्या बाजूला आहे. त्या काळी उजवी बाजू 'स्टारबोर्ड' आणि डावी 'लारबोर्ड'. वादळात ओरडल्यावर दोन्ही सारखंच ऐकू येणार, हे कुणाच्याही लक्षात येईल. आरमाराच्या लक्षात यायला १८४४ उजाडलं. त्या वर्षी हुकूम काढून 'लारबोर्ड' बाद केलं आणि 'पोर्ट' आणलं. तुमच्या कादंबऱ्या त्याच्या आधीच्या काळातल्या, त्यामुळे तुम्हाला 'लारबोर्ड' सोसणं भाग आहे. 'ल'वरून 'लेफ्ट', एवढं लक्षात ठेवा.

वेळ मात्र कानानंच कळते, आणि छान कळते. अर्ध्या तासाचं वाळूचं घड्याळ उलटलं की घंटा. पाळी चार तासांची, म्हणून आठ ठोके पडले की पाळी बदलली. संध्याकाळी चार ते आठ ही एकच पाळी दोन-दोन तासांत कापलेली असते. त्यामुळे दिवसाच्या पाळ्या सात होतात आणि रोज त्याच माणसांच्या वाट्याला मध्यरात्र येत नाही. त्या तुकड्यांना 'डॉग वॉच' म्हणतात. त्या नावावर डॉक्टर एक शाब्दिक कोटी करतो, ती तुम्हाला पुढे कधीतरी भेटेल. कप्तानाला ती इतकी आवडते की विचारू नका. सालांचा हिशेब मात्र ठेवू नका. मालिका लांबत गेली आणि युद्ध तर १८१५ला संपणारच होतं, तेव्हा लेखकानं एका प्रस्तावनेत सरळ कबूल केलं की गरज पडली तर १८१२-अ, १८१२-आ अशी मनानं वर्षं काढावी लागतील. मधल्या बऱ्याच कादंबऱ्या अशाच एका लांबलेल्या वर्षात घडतात. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

ही माणसं एवढी जिवावर उदार का होतात, हे ऐकताना अनेकांच्या हातून निसटतं. देशभक्ती होतीच, पण पकडलेल्या जहाजाचा पैसाही होता. शत्रूचं जहाज आणि त्यातला माल विकून येणारी रक्कम पकडणाऱ्यांत वाटली जाई. १८०८पर्यंत तिचे आठ भाग करून तीन कप्तानाच्या नावे असत, आणि कप्तान एखाद्या अ‍ॅडमिरलच्या हुकमाखाली असेल तर त्यातला एक अ‍ॅडमिरलकडे जाई. उरलेले भाग खाली वाटत वाटत शेवटच्या खलाशापर्यंत पोचत. १७९९ साली चार ब्रिटिश फ्रिगेटींनी, म्हणजे मध्यम आकाराच्या चपळ लढाऊ जहाजांनी, मिळून चांदीनं भरलेली दोन स्पॅनिश जहाजं पकडली, तेव्हा प्रत्येक कप्तानाला चाळीस हजार पौंडांहून जास्त मिळाले. वर्षाला काही शे पौंड पगार घेणारी ही माणसं. साध्या खलाशाच्या हातात १८२ पौंड पडले, म्हणजे जवळजवळ दहा वर्षांचा पगार. आता तुमचा कप्तान क्षितिजावरच्या शिडाकडे दुर्बिणीतून बघताना का अस्वस्थ होतो ते ऐका. हुद्द्यांचं फार मनावर घेऊ नका. फक्त 'पोस्ट' हा शब्द धरा. एकदा माणूस पोस्ट कप्तान झाला की पुढची बढती फक्त ज्येष्ठतेनं, म्हणजे वरचे मेले किंवा सरकले की. त्याच्या आधी मात्र लहान जहाजाच्या प्रमुखालाही तोंडानं 'कप्तान' म्हणत असले तरी तो अधांतरीच असतो. पहिल्या कादंबरीभर आपल्या माणसाच्या जिवाला हीच टोचणी आहे.

झोपेबद्दल काय सांगू. एकदा मी झोपलो तेव्हा मंडळी एका जहाजावर होती आणि जाग आली तेव्हा दुसऱ्याच. पाव तास मला वाटत होतं की कप्तानानं जहाजाला नवा रंग दिलाय. पहिलं बुडालं तेव्हा मी घोरत होतो. अ‍ॅपमध्ये झोपेचा टाइमर असतो, मुलीकडून तो वीस मिनिटांवर लावून घ्या. माझा दुसरा नियम असा: लढाईआधी जहाजावर ढोल वाजवून सगळ्यांना तोफांवर बोलावतात. रात्री तो ढोल कानावर आला की फोन बंद करायचा आणि झोपायचं. लढाया दिवसा, हातात काम असताना ऐकायच्या. रात्रीसाठी जेवणाच्या पंगती, पत्रं आणि व्हायोलिन-चेलोचे प्रसंग आहेत, आणि या मालिकेत ते भरपूर आहेत.

दिवसाही एका गोष्टीची तयारी ठेवा. हा लेखक सांगून उडी मारत नाही. दोन प्रसंगांमध्ये महिना निघून जातो, कधी अख्खी लढाई दोघांच्या गप्पांतून मागाहून कळते. छापील पानावर मधे कोरी ओळ दिसते. कानाला मिळतो तो वाचणाऱ्याचा एक श्वास, तोही नीट ऐकला तर. 'हे कुठे आले?' असं झालं की मागे जाऊ नका, दोन मिनिटं पुढे जाऊ द्या. बहुतेक वेळा पुढच्याच संवादात उलगडा होतो. मागे जायचंच तर एका बैठकीत एकदाच, असा दंडक घाला. वेगही वाढवू नका. उच्चार जड जात असतील तर उलट किंचित कमी करा, कुणी बघत नाही.

आवाज आवडला म्हणता, तर तोच धरून ठेवा. ही मालिका वेगवेगळ्या लोकांनी वाचलीय. पॅट्रिक टल यांनी अख्खी वाचलीय, रिक जेरम यांनीही, आणि कुणाचं वाचन सरस यावर ऐकणारे लोक हमरीतुमरीवर येतात. मी टल यांच्या बाजूचा. त्यांचा कप्तान हसतो तेव्हा पोट हलल्याचं ऐकू येतं. पण मधेच आवाज बदलू नका. डॉक्टरचा आवाज कानात बसल्यावर तोच माणूस वेगळ्या गळ्यानं बोलायला लागला की आठवडाभर परका वाटतो. एकेक कादंबरी साधारण बारा ते पंधरा तासांची, म्हणजे हा संसार अडीचशे तासांचा आहे. आणि विकत घेताना संक्षिप्त आवृत्ती नाही ना, हे बघा. मी एकदा बारीक अक्षरांतला 'संक्षिप्त' न वाचता घेतली आणि चार तासांत कादंबरी संपली. लढाया सगळ्या होत्या, पंगती सगळ्या गेल्या होत्या. सांगाडा ऐकल्यासारखं झालं.

एवढं करूनही ओब्रायन पेलले नाहीत तर त्यात कमीपणा नाही. सी. एस. फॉरेस्टर यांच्या हॉर्नब्लोअरकडे जा. त्याची पहिली कादंबरी १९३७ची, त्यात तो आधीच कप्तान आहे. त्याचं पोरवय लेखकानं मागाहून, १९५० साली लिहिलं. लिहिल्या क्रमानं ऐकावं असं जाणकार म्हणतात. तुमच्यासाठी मी उलट सांगेन: १९५०चं आधी लावा. त्यातलं जवळजवळ प्रत्येक प्रकरण स्वतंत्र गोष्टीसारखं आहे, म्हणजे झोप लागली तरी एकच गोष्ट बुडते. फक्त मैफिलीची अपेक्षा ठेवू नका, या गृहस्थाला संगीताचा अजिबात कान नाही. आणि पैसे न घालता चव बघायची असेल तर फ्रेडरिक मॅरियट. हा लेखक पोरवयात, १८०६ साली, खरोखरच ब्रिटिश आरमारात दाखल झालेला. त्याच्या पुस्तकांवरचे हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे लिब्रिव्हॉक्सवर हौशी लोकांनी वाचलेली ती फुकट मिळतात. वाचन हौशी, मतं त्या काळची आणि कधीकधी खटकणारी, पण डेकवरची धांदल मात्र डोळ्यांनी पाहिलेली.

आता तुमचे हे. कानांनी वाचणं खोटं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना विचारा, त्या आरमारात माणूस कप्तान कधी व्हायचा? नेमणुकीचा कागद खिशात आल्यावर नाही. जहाजावर चढून, सगळ्या खलाशांना गोळा करून, तो कागद मोठ्यानं वाचून दाखवल्यावर. लष्करी कायद्याची कलमं महिन्यातून निदान एकदा सगळ्यांपुढे वाचली जात, आणि त्यातल्या कितीतरी कलमांची शिक्षा देहान्त होती. उभे राहून ऐकणाऱ्या बऱ्याच जणांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी ते कानांनीच वाचलं.

आणि धुकं पडलं की तर अख्खं जहाज कानांवर चाले. किनारा जवळ, दिसत काही नाही, शिडं कमी केलेली. जहाजाच्या कडेला एक खलाशी शिशाचं वजन बांधलेली दोरी पुढे फेकतो, वजन तळाला टेकलं की दोरी हातात चाचपतो. दोन वावांवर (वाव म्हणजे सहा फुटांचं माप) चामड्याच्या दोन पट्ट्या, तीन वावांवर तीन, पाचावर पांढरं सुती कापड, सातावर लाल लोकरी, दहावर भोक पाडलेलं चामडं. रंग दिवसासाठी, पोत रात्रीसाठी. बोटांना खूण लागली तर तो सुरात ओरडतो, 'बाय द मार्क सेव्हन!' खूण नसलेल्या अंतरावर, अंदाजानं, 'बाय द डीप सिक्स!' बाकी सगळे गप्प. कप्तान गप्प. आकडा उतरत चाललाय हे सगळ्यांना ऐकू येतंय. हा प्रसंग कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा येतो, आणि छापील पानावर तो मला कधीच एवढा लागला नव्हता. एखाद्या दुपारी तुमचे हे घरात असताना असा प्रसंग आला तर हेडफोन काढा, फोनचा स्पीकर चालू करा, आणि काही बोलू नका.

इतिहासाचं म्हणाल तर त्यांना कामाला लावा. त्या काळच्या ब्रिटिश आरमाराची सगळीच जहाजं ब्रिटनमध्ये बांधलेली नव्हती. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' फ्रिगेट १८१७ साली पाण्यात उतरली, ती इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतेय. अ‍ॅडमिरल नेल्सनचं जहाज 'व्हिक्टरी' तिच्याहून जुनं, पण ते कोरड्या गोदीत उभं आहे. हे जेवताना सहज सांगून बघा.

आणि शेवटचं. तुम्ही ऐकताय त्या कादंबरीत पुढे एक लढाई आहे, जिच्यावर विश्वास बसणार नाही. ती ओब्रायन यांनी मनानं रचलेली नाही. थॉमस कॉक्रन नावाचा एक तरुण अधिकारी होता. मॅरियट पुढे त्याच्याच हाताखाली शिकला. ६ मे १८०१ रोजी स्पेनच्या किनाऱ्यावर त्याच्या 'स्पीडी'ची गाठ 'गामो' या स्पॅनिश जहाजाशी पडली. 'स्पीडी'वर तोफा १४ आणि माणसं ५४. 'गामो'वर तोफा ३२ आणि माणसं ३१९. तुमच्या यजमानांच्या कपाटात त्या काळावरचं एखादं पुस्तक असेलच, त्यांना ही तारीख काढून वाचायला सांगा. फक्त पुढे काय झालं ते तोंडातून काढायचं नाही, असं आधी बजावून ठेवा. तुम्हाला तिथवर पोचायला अजून काही तास आहेत.